जीभ वरच्या अंगाला

किसनरावांनी डोळे मिटले आणि पिवळा प्लग चाचपत सॉकेटमध्ये दाबला. गेला. पण निघता निघेना.

"याले काढायले पैलवान लागते," ते म्हणाले.

दीपमालाच्या मांडीवर बाळ नुकतंच झोपलं होतं. रेडिओला बॅटरी जोडायची एवढंच, आणि सासऱ्यांनी दुपारपासून तऱ्हेतऱ्हेचे प्लग पसरून बडनेऱ्याच्या घराचं दुकान करून टाकलं होतं.

"बाबा, तो गोल पिनवाला बरा होता. लॅपटॉपसारखा."

"तो ऐकण्यापुरता. बोलायचं बटन दाबलं का सेट लय करंट ओढते. पार वितळून जाईन तो." त्यांनी लाल-काळं जोडकं उचललं आणि त्याच्यावरचा मुंगीएवढा आकडा सहज वाचला. "तीस अँपिअर. हे पाह्य." मोतीबिंदू काढल्यापासून घरात सगळ्यांत तेज डोळे त्यांचेच होते.

दीपमालाचा नवरा अनुप सेमाडोहला, वनखात्यात. तिथे मोबाइलला रेंज नाही. पण आईबापांसारखाच त्याच्याकडेही हौशी रेडिओचा परवाना होता, आणि रोज संध्याकाळी त्याची आई ललिताबाई त्याच्याशी बोलायच्या. बोलून झालं की वीज पडण्याच्या भीतीनं वायरी काढून ठेवायच्या, हा त्यांचाच नेम. मागच्या आठवड्यात लाल वायर त्यांच्या हातून काळ्या जागी लागली. नुसता फ्यूज उडाला. पण तेव्हापासून त्या सेटजवळ फिरकेनात. "मले कामं आहेत," म्हणायच्या, आणि स्वयंपाकघरात बसून लेकाचा आवाज ऐकत तांदूळ निवडायच्या. ताटाकडे न बघता, बोटांनी.

"इकडे ये वं," किसनरावांनी हाक मारली.

"काहून?"

"हे लावून पाह्य. जीभ वरच्या अंगाला ठेव. उलटं धरलं तं जातच नाही."

ललिताबाईंनी पदराला हात पुसले. बोट जोडक्यावरून फिरलं, बारीक उंचवट्यापाशी थांबलं. टक. त्यांनी ते सहज ओढून काढलं, परत लावलं. टक.

"पण बदलले काहून?"

"माह्या डोयाले लाल-काळं उमगत नाही आता. म्हटलं, हातानं लावता आलं पाह्यजे."

दीपमालानं चमकून वर पाहिलं. किसनराव बाळाचा मोजा सरळ करण्यात गुंतले होते.

"ऑपरेशन करून बी?" ललिताबाईंनी विचारलं.

"डॉक्टर काय देव हाये का?"

ललिताबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"सरका तिकडे. तुमच्या भरवशावर राह्यलं तं सेट जाळसान एखाद दिवशी."

खरखर झाली. थोड्या वेळानं अनुपचा आवाज आला, "आई? आज तू?"

दीपमाला बाळाला खांद्यावर घेऊन हळूच उठली. कपाटावर सासऱ्यांचा ऑपरेशनच्या आधीचा जाड भिंगांचा चष्मा पडून होता. तिनं तो ओढणीनं पुसला आणि त्यांच्यापुढे धरला. किसनरावांनी एकवार सुनेकडे पाहिलं, निमूट तो डोळ्यांवर चढवला.

आता नको असलेल्या त्या भिंगांतून चहाचा कप मात्र त्यांना दोनदा चाचपावा लागला.