सोळा टाक्यांचा पाहुणा

मी एक जुना कॉर्निया आहे, मित्रांनो. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो ना, तोच मी. जन्मलो एका स्कूलबस चालवणाऱ्या बाईच्या डोळ्यात. चोपन्न वर्षं तिला जग दाखवलं. ती गेली, तिच्या मुलीने रडत रडत कागदावर सही केली, म्हणून मी नेपरव्हिल गावात राहणाऱ्या देवांगकडे आलो.

देवांगला केराटोकोनस. त्याचे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखे पुढे आले होते, आणि त्यात डोळे चोळायची खोड! उजवा तर आतून फाटला, पाणी शिरलं, डाग पडला. म्हणून तिथला सगळाच्या सगळा कॉर्निया काढून मला सोळा टाक्यांनी शिवलं. डाव्या डोळ्याचा आतला थर शाबूत होता. तिथे सर्जनबाईंनी हवेचा बुडबुडा सोडून थर अलगद सुटे केले आणि फक्त वरचे बदलले. काम फार नाजूक, वेळही जास्त; पण आतला थर देवांगचा स्वतःचाच राहिला. शरीर परक्यावर उलटतं तेव्हा मोठा घात होतो तो याच थराचा. त्यामुळे डावा बराचसा निर्धास्त. माझा मात्र तो थरसुद्धा परकाच.

पहिल्या वर्षी कौतुक काय विचारता! देवांगला झाडाची पानं सुटी सुटी दिसली, तेव्हा त्याची आई नीला सर्जनबाईंना पेढे देऊन आली. मला पेढे नको होते हो. शरीराने हुसकू नये म्हणून रोज औषधाचा एक थेंब, एवढंच माझं मागणं. मग नेत्रपेढीकडून त्या मुलीचं पत्र आलं. तिने विचारलं होतं, आईचा डोळा कसा आहे? देवांग म्हणाला, "वीकेंडला रिप्लाय करतो." पत्र ड्रॉवरमध्ये गेलं. पुढे औषधाची बाटलीही तिथेच गेली. नीलाने विचारलं की उत्तर ठरलेलं, "आय ॲम फाइन, आई."

या मार्चमध्ये मराठी मंडळाचं पाडव्याचं जेवण होतं. तिथे देवांगने नरेंद्रकाकांना गाठलं.

"काका, डोळा रेड झालाय. लाइट सहन होत नाही, ब्लर पण दिसतंय."

नरेंद्रकाका रिटायर्ड डॉक्टर. हाडांचे! डोळ्यात कुठलं आलंय हाड? पण मंडळात सगळे त्यांनाच विचारतात. हातात श्रीखंडाची वाटी घेऊन काका म्हणाले, "अरे, स्प्रिंगची ॲलर्जी. आठ दिवस माझे ड्रॉप्स घाल यार."

"बघ," नीला म्हणाली, "काका आहेत ना. उगाच हॉस्पिटल कशाला?"

घरी फ्रिजवर सर्जनबाईंचं कार्ड होतं: डोळा लाल झाला, तर त्याच दिवशी फोन करा.

आठ दिवसांत मी सुजलो, धुरकटलो. तेव्हा कुठे हॉस्पिटल गाठलं. "पहिल्याच दिवशी का नाही आलात?" सर्जनबाईंनी विचारलं. मग तासातासाला औषध घातलं. काय उपयोग? तोवर शरीराने मला हुसकलं होतं. काका आता देवांगचा फोन उचलत नाहीत.

काल त्याने ते पत्र बाहेर काढलं आणि उत्तर लिहायला बसला. 'तुमच्या आईचा डोळा' एवढं लिहिलं आणि थांबला. पुढे काय लिहिणार? खूप रडला. पाणी माझ्यावरूनही वाहिलं, अक्षर मात्र मला एकही दिसलं नाही.

मित्रांनो, उद्या मला काढतील. नवा येईल, तोही कुणाच्या तरी घरातून. त्याचा रोजचा थेंब चुकवू नका. आणि त्याच्या घरून पत्र आलं तर लगेच उत्तर लिहा, त्या डोळ्याला अजून दिसतंय असं लिहिता येतंय तोवर.