निळी पेज

"आत्या, ह्याच्यात काय घातलंय?"

वैष्णवीने पेजेची वाटी हातभर लांब धरली होती. मी डोकावले. झाकून ठेवली तेव्हा चांगली पांढरट होती. आता शाई ओतल्यासारखी निळीकाळी.

"तुजंच औषध. दुसरं काय घालू?"

वैष्णवी माझी सून. तिच्या गळ्याला गाठ आहे. छाती सारखी धडधडते, हातात कप टिकत नाही. उद्या ऑपरेशन. त्याआधी गाठ थंडावायला डॉक्टरांनी आयोडीनचे तपकिरी थेंब दिलेत आणि बजावलंय, एक वेळ चुकली तरी गळ्याला हात लावणार नाही. पाण्यातून दिले की ही ओकते. म्हणून बाटलीतले शेवटचे थेंब मी शहाणीने कढत पेजेत घातले.

"गार झाल्यावर खरा रंग दिसला," ती म्हणाली.

"विष घालायचं असतं तर लग्नाच्या वर्षीच घातलं असतं की. इतकी वर्सं तुज्या कच्च्या भाकरी कशाला चावल्या असत्या?"

एरवी अशा बोलण्यावर ती पदराआड हसते. आज हसली नाही. गाठ पहिल्यांदा दिसली तेव्हा मी भवानी पेठेतल्या चार बायकांदेखत म्हणाले होते, ही मान आधी बघितली असती तर सून करून आणलीच नसती. माझं बोलणं असंच आहे. सगळ्या गल्लीला माहीत आहे.

अमृतला फोन लावला. माझा मुलगा एमआयडीसीत टॉवेल विणायच्या मागावर असतो, तिथल्या खडखडाटात त्याला काही ऐकूच येईना. मग दवाखान्यात लावला.

"पेजेत घातलं की निळं होतंच, मावशी," सिस्टर म्हणाली. "औषध तेच आहे. पाजा." आणि ठेवूनही दिला.

मी वैष्णवीला सांगितलं.

"फोनवर तुमीच बोलला. मला कुटं काय ऐकू आलं?"

मी तिच्यासमोर एक घोट घेतला. लोखंड चाटल्यासारखी चव. जीभ काढून दाखवली. "मेले का?"

ती वाटीकडेच बघत होती.

पेज पुन्हा गॅसवर ठेवली. कढ येताच निळा रंग आपोआप गेला. धावत आणून तिच्यापुढे ठेवली.

"बघ. गेलं की. पी आता, पोरी."

"गार हुंदे," ती म्हणाली. "पांढरी राहिली तर पिते."

वाटी मध्ये ठेवून आम्ही दोघी बसलो. वर पंखा होता, तो मी बंद केला. मग दोन्ही तळवे वाटीभोवती धरले, ऊब जाऊ नये म्हणून.

कडेने निळं यायला लागलं होतं.