जोडव्याखालची जागा

मित्रांनो, मी एक जुना लोहचुंबक आहे. काळा, वाटोळा, मधोमध भोक असलेला. माझं आयुष्य कुणाला ऐकावंसं वाटेल का, याची मलाच शंका आहे.

माझी उमेदीची वर्षं धर्माबादच्या मोंढ्यात, मिरचीचे भाव पुकारणाऱ्या भोंग्यात गेली. भोंगा बिघडला आणि मी भंगारात पडलो. तिथून डॉक्टर मंजुषाताईंनी मला नांदेडला आणलं. पायाच्या बोटांना होणाऱ्या, औषधांना न जुमानणाऱ्या बुरशीवर त्या इलाज शोधत होत्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या लोखंडाच्या कणांवर त्या औषध चढवत. त्या कणांचा लेप बोटाला वरून लावायचा आणि बोटाखाली मला ठेवायचं. मी कणांना ओढायचो आणि त्यांच्याबरोबर औषध कातडीत उतरायचं. काचेच्या बशीतली बुरशी पहिल्यांदा मेली, तेव्हा ताईंनी मला ओढणीनं पुसलं होतं.

पुढं माणसांवर इलाज करून बघायची रीतसर परवानगी मिळाली आणि उदगीरच्या शिवकांताबाई आल्या. त्यांना शुगर होती आणि पायाच्या बोटाला बुरशी. ती गेली नाही तर बोट कापावं लागणार होतं. बुरशी हटायची आणि पुन्हा उलटायची. ताई वैतागल्या. "या जुन्या चुंबकात दम नाही," म्हणाल्या. मलाही ते खरंच वाटलं.

एकदा मात्र त्यांनी बाईंचं जोडवं जरा सरकवलं. खाली ओलसर, पांढरी कड दिसली. बुरशी तिथं दडून बसली होती. चांदीच्या आरपार औषधाचे कण ओढणं मला जमत नाही.

"मावशी, जोडवं काढावं लागेल."

"न्हाई बाई! मालक जिते बसलेत समोर. बोट गेलं तर जाऊ द्या."

त्यांचे मालक सिद्रामप्पा उठले, गुडघे धरत जमिनीवर बसले आणि बायकोचा पाय त्यांनी मांडीवर घेतला.

"अवो, पायाला हात नका लावू! पाप लागंल मला. लोक बघून राहिले!"

"बघू दे. शुगर असून चोरून गुळाचा चहा पिती, तवा न्हाई आठवत मालक?"

फुंकर घालत घालत त्यांनी जोडवं सोडवलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

"बोट बरं झालं की मीच घालतो. हाय मी. कुठं न्हाई चाललो."

बाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. त्यानंतर मी जीव तोडून ओढलं. बोट वाचलं.

आता नवे, जोरकस चुंबक आलेत. मी खणात पडून असतो. माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. आपल्या माणसाचं दुखणं झाकलेलं असेल, तर त्याच्यापाशी खाली बसायला लाजू नका. औषध आम्ही नेऊ, पण तिथली वाट तुम्हीच मोकळी करायची असते.