किडेबाईंची खिडकी

विद्यापीठ हा समाजाचा दीपस्तंभ असतो, असं वार्षिक अहवालाच्या पहिल्याच पानावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं. दीपस्तंभाला तळमजल्यावर रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी होती, आणि ती विटा लावून बुजवायची असं ठरलं होतं.

खिडकी कीटकशास्त्राच्या खोलीची. आत किडेबाई बसत. हे नाव विद्यार्थ्यांनी पाडलं, मग सहकाऱ्यांनी उचललं, आता पोस्टमनही तेच वापरत असे. बाईंची तक्रार नव्हती. इतर प्राध्यापकांना पाडलेली नावं त्यांनी ऐकलेली होती.

सुरुवात एका सुतारापासून झाली. त्याच्या लाकडाला भुंगा लागला होता, म्हणून तो बरणीत दोन भुंगे घेऊन विद्यापीठाच्या फाटकाशी आला. पहारेकऱ्यानं विचारलं, कोणाला भेटायचंय, कशासाठी, पत्र आणलंय का. सुतारानं फक्त भुंगे आणले होते. तो तोंड पाडून परत निघाला, तेव्हा बाईंनी त्याला खिडकीतून हाक मारली, बरणी आत घेतली, भुंगा भिंगाखाली धरला आणि काय करायचं ते सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्याची मेहुणी आली, लेकीच्या डोक्यातली ऊ कागदाच्या पुडीत घेऊन. मेहुणीला कळलं म्हणजे सगळ्यांनाच कळलं. दुपारची जेवणं आटोपली की फुटपाथवर रांग लागू लागली. काडेपेट्या, औषधाच्या बाटल्या, एकदा तर आख्खी गादी. इतक्या कोपरांनी टेकून टेकून खिडकीची चौकट खिळखिळी झाली. बाई दुरुस्तीचे अर्ज करत राहिल्या आणि चौकट हलत राहिली.

अहवालात यातलं काही नव्हतं. दोन पेटंटं होती, एक सुवर्णपदक होतं, आणि अवकाशात गेलेल्या एका स्क्रूत विद्यापीठाचा वाटा होता. 'समाजावरील प्रभाव' या प्रकरणात मात्र फाटकावर नोंद झालेलीच माणसं धरत. खिडकीशी आलेला माणूस फाटकातून आलेला नसे, म्हणजे तो आलेलाच नसे. प्रभाव शून्य. शून्य बघून सरकारचं काळीज हेलावलं आणि त्यानं समाजसंपर्क केंद्रासाठी भलंमोठं अनुदान मंजूर केलं. केंद्राला रस्त्याकडची खोली हवी होती. तशी खोली एकच होती.

"तिसऱ्या मजल्यावर उजेड छान आहे, मॅडम," कुलसचिव म्हणाले.

"लिफ्ट?"

"प्रस्तावित आहे."

"मग गादी वर कोण चढवणार?"

"कसली गादी?"

बाईंनी तो विषय सोडून दिला. "बरं, खोली घेताय ती घेताय. खिडकी कशाला बुजवताय?"

"तिथे सलग भिंत लागेल. समाजाचं मोठं चित्र लावायचंय."

"मी हलणार नाही."

"आदेश आहे, मॅडम."

"असू दे की. मी पण आहेच."

संध्याकाळी त्यांनी हे सासूबाईंना सांगितलं. सासूबाई धुतलेले कपडे घडी करत होत्या.

"नोकरी गेली तर?" बाई म्हणाल्या.

"तर घरच्या खिडकीत बस. आपल्याकडे पडदासुद्धा आहे." सासूबाईंनी उशीचा अभ्रा झटकला. "ढेकूण तेवढे घरात आणू नकोस."

सोमवारी गवंडी विटा, घमेलं आणि थापी घेऊन आला. बाईंनी भिंग उचललं आणि त्या सरळ खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसल्या, पाय रस्त्याकडे सोडून. पन्नाशीच्या बाईला हे शोभत नव्हतं, हे त्यांनाही दिसत होतं. म्हणून त्यांनी फक्त पदर नीट केला.

"साहेब," गवंडी कुलसचिवांना म्हणाला, "मी खिडक्या बुजवतो. माणसं नाही बुजवत."

"थांब जरा. उठतील."

गवंडी विटांवर बसला. रांग लागली. कुलसचिव वळसा घालून फुटपाथवर आले. इतक्या वर्षांच्या नोकरीत इमारत त्यांनी या बाजूनं कधी पाहिली नव्हती.

"इथे थांबायला परवानगी नाही," ते म्हणाले. "फाटकावरून या सगळ्यांनी."

रांगेत सगळ्यात पुढे शिवणकाम करणारी एक बाई होती, हातात कसर लागलेला कोट. "फुटपाथ कोणाचा?"

"तो सार्वजनिक आहे."

"मग बरोबर. आम्ही पण सार्वजनिकच. तुम्ही कोण?"

"मी कुलसचिव."

"असाल. मागे जाऊन उभे राहा. काय आणलंय?"

कुलसचिवांनी काहीच आणलं नव्हतं. ते खिडकीकडे वळले. "मॅडम, मला शिस्तभंगाची नोटीस काढावी लागेल."

"काढा. कारण काय लिहाल?"

"कामात अडथळा. खिडकीत बसून..."

"बसून काय करत होत्या?"

"लोकांना..."

"लिहा ना. लोकांना सल्ला देत होत्या. ही एवढी रांग होती, आणि रोज असते. सगळं लिहा, मी खाली सही करते. एक प्रत सरकारला धाडा. तुमचं शून्य त्यांनी फार मनाला लावून घेतलंय."

कुलसचिव मूर्ख नव्हते. रांग आहे म्हणजे प्रभाव आहे, प्रभाव आहे म्हणजे केंद्राची गरज नाही, गरज नाही म्हणजे अनुदान परत. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक जाताना बाईंनी भिंगाशिवाय पाहिलं.

रांगेकडे बघत ते म्हणाले, "इथे रांग नाही."

"नाही."

"आणि तुम्ही खिडकीत बसलेल्या नाही."

"छे."

"मग नोटीस कोणाला काढणार?" असं स्वतःशीच म्हणत ते आले तसे वळसा घालून निघून गेले. शिवणवालीनं कोट पुढे केला.

गवंड्याला दिवस भरायचा होता. त्यानं खिडकीला हात लावून पाहिला. "बाई, चौकट हलतेय तुमची. उतरता का जरा?"

"उतरणार नाही. बाजूनं कर."

त्यानं बाजूनं केलं.

केंद्र तिसऱ्या मजल्यावर सुरू झालं. यथावकाश नवा अहवाल आला. दीपस्तंभ जागच्या जागी होता. समाजावरील प्रभाव पुन्हा शून्य होता. शेवटून दुसऱ्या पानावर, 'इमारत व देखभाल' या सदराखाली लिहिलं होतं: कीटकशास्त्र विभाग, तळमजला, खिडकीची चौकट पक्की केली.