पताका फिरण्याआधी

मी पताकांची माळ बोलतेय. कापडाची, घरी शिवलेली. एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला व्हरांड्याचा खांब, आणि मधे मी. आत्ता वारा पडलाय. माझी सगळी टोकं खाली लोंबताहेत. वारा पुन्हा उठला की मला बोलायला उसंत मिळायची नाही, तेव्हा आताच ऐकून घ्या.

माझा जन्म बेनारा गावातला, याच घराच्या मागच्या खोलीतला. ड्युल्सी तेव्हा नवीन लग्न होऊन इथं आली होती. सोबत काय, तर आईनं दिलेलं पायाचं शिलाई मशीन आणि कात्री. इकडे नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो. पहिला नाताळ तोंडावर आला तसा तिचा नवरा आर्ची म्हणाला, "दुकानातून कागदी झालर आणतो."

"इथल्या उन्हात कागदाचा पापड होईल," ती म्हणाली. "त्यापेक्षा तुझा तो निळा चौकडीचा शर्ट दे. कोपराला फाटलाय."

"अगं, अंगावर आहे तो."

"दिसतंय मला. काढ."

त्या शर्टातून माझी पहिली पताका निघाली. चहाच्या खोक्याचा पुठ्ठा त्रिकोणी कापून तिनं माप केलं होतं. कापडावर ते ठेवून खडूनं आखायचं, दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून जोडायचे, दोन कडांना टीप मारायची आणि मग उलटवून विणायच्या सुईनं टोक बाहेर काढायचं. टोकावर तिचा फार जीव. जरा बोथट राहिलं की उसवलंच. "टोक नीट नसलं तर पताका नुसती फडफडते, दाखवत काही नाही," असं ती म्हणायची. मग वरची कड लांब पट्टीत दुमडून शिवायची, की झाली एक.

आर्चीच्या पताकेशेजारी तिच्या पिवळ्या फ्रॉकची आली. रसेल, त्यांचा मुलगा, जन्मला तेव्हा त्याच्या झबल्याची पांढरी. घरात नवं माणूस आलं की त्याच्या पहिल्या नाताळाला त्याच्या कपड्याची पताका, असा तिनं रिवाजच पाडला. पट्टीचा शेवट हातभर रिकामा सोडायची, त्याला गाठ मारायची नाही. कोणी विचारलं तर सांगायची, "अजून माणसं यायची आहेत."

वर टांगलेल्या वस्तूकडे माणसं फारशी बघत नाहीत, त्यामुळे मी मात्र सगळं बघितलं. पाहुणा उठला की त्याच्या ताटातला हॅमचा तुकडा पळवणारी, नको असलेल्या भाज्या टेबलाखाली कुत्र्याला सारणारी, भेट म्हणून मिळालेले मोजे पाहून खोटं खोटं हरखणारी. एकाच बाबतीत सगळ्यांची नजर माझ्याकडे वळायची. तापलेल्या दिवशी.

इथला उन्हाळा असा, की उत्तरेचा वारा सुटला की भट्टीचं दार उघडतं. माझी सगळी टोकं गेटाकडे, दक्षिणेला ताणून राहतात. मग घरात पडदे ओढलेले, माणसं ओल्या टॉवेलाखाली, बोलणंसुद्धा नको झालेलं. सगळ्यांना एकाच गोष्टीची वाट. नैर्ऋत्येचा गार वारा. तो आला की टोकं गेटाकडून वळून घराकडे बघतात, आणि गावभर एकच चालतं. खटाखट खिडक्या उघडायच्या, खुर्च्या बाहेर काढायच्या, अनवाणी पाय कठड्यावर टाकून बियर प्यायची. "आला बाबा एकदाचा." इथल्या माणसाला याहून मोठं सुख नाही.

रसेल रांगत होता त्या वर्षीचं सांगते. नाताळ होऊन गेला होता, पण मी अजून बांधलेलीच होते. पश्चिमेच्या डोंगरापलीकडे रानाला आग लागली. आर्ची आणि शेजारचा क्लॅरी गावच्या बंबावर गेले. आग दक्षिणेला पळत होती, बेनाराला सोडून. बंब तिच्या कडेला उभा होता. कडेला जाळ थोडा, भीती नाही, असं सगळे म्हणत होते.

दुपारी वारा पडला. आता पडलाय तसाच. मग गार झुळूक आली, मी वळले. ड्युल्सीनं धावत सगळ्या खिडक्या उघडल्या, रसेलला कडेवर घेतलं, माझ्याखाली उभी राहून मान वर करून डोळे मिटले. घाम वाळत होता तिचा. हसत होती.

त्याच झुळकेनं डोंगरापलीकडे आगीची अख्खी कड फिरवली. इतका वेळ जी बाजू होती तीच तोंड झाली, आणि बंब त्या तोंडापुढे. क्लॅरी पाणी भरायला ओढ्यात उतरला होता, म्हणून वाचला. आर्ची नाही वाचला.

पुढच्याच आठवड्यात तिनं मला घडी घालून बिस्किटांच्या डब्यात टाकलं. झाकण लागलं. आत डांबराच्या गोळ्या आणि अंधार. वरून मशीनचा आवाज यायचा, पडदे शिवत असेल, उश्या शिवत असेल. माझ्या अंगाला मात्र सुई लागली नाही. नाताळ येत होते ते मला पुडिंगच्या वासावरून कळायचं. पांढऱ्याची पिवळी झाले, एका घडीला झुरळानं कुरतडलं. त्या दिवसाबद्दल ती कोणाशी बोलली नाही. रसेल मोठा झाला, त्याला एवढंच ठाऊक की बाप आगीत गेला. गार वाऱ्यानं नेला, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

डबा उघडला तो टेगननं. रसेलची मुलगी, आजीला नॅन म्हणणारी. पोटुशी होती, बाळासाठी जुनं कापड शोधत होती.

"नॅन, हे काय गं? किती गोड आहे. आणि हे डब्यात कुजवलंस?"

ड्युल्सीनं कुरतडलेली घडी उलगडून पाहिली. मग म्हणाली, "तुझीही पताका राहिलीय. तुझ्या बापानं सांभाळून ठेवलेला शाळेचा फ्रॉक असला तर आण."

दोघींनी मिळून शिवलं. टेगनला टोक काढता येईना. "नॅन, हे नाकासारखं झालंय." "तुझ्या बापाच्या नाकासारखं. उसव." बाळ झालं, विनी नाव ठेवलं. तिच्या हिरव्या झबल्याची पताका ड्युल्सीनं आज सकाळी माझ्या रिकाम्या पट्टीला कच्चे टाके घालून जोडली. पक्की टीप जेवणानंतर, म्हणाली. आज विनीचा पहिला नाताळ.

सकाळपासून उत्तरेचा वारा होता. माझी टोकं गेटाकडे अशी ताणली होती की शिवणी करकरत होत्या. पश्चिमेच्या डोंगरामागे तांबूस धूर. टेबल व्हरांड्यात मांडलेलं, हॅमवर जाळीची टोपी, मधोमध अख्खा केक. ड्युल्सी खुर्ची माझ्याकडे तोंड करून बसली होती. ताटाला हात नाही.

"ड्युल्स, तोंड का असं? हॅम बिघडलं का तुझं?" क्लॅरीनं विचारलं. दर नाताळाला तो बियर घेऊन येतो आणि आणलेली स्वतःच संपवतो.

"धूर बघतेय."

"आई, सुरू करू नकोस," रसेल म्हणाला. "आग तिकडून दक्षिणेला चाललीय. आपल्याला सोडून. रेडिओवर आत्ताच सांगितलं."

"मीही तेच ऐकलं," क्लॅरी म्हणाला. "जराशानं वारा फिरेल, गार होईल, मग बघ, रसेल माझे पाय दाबून देणार आहे."

"तुमच्या पायांना चिमट्यानंच धरावं लागेल, काका."

सगळे हसले. आणि ते हसत असतानाच मी थांबले. टोकं एकेक करून खाली आली. टाकीवरचा पत्रा वाजायचा बंद झाला. माश्यांचा आवाज तेवढा ऐकू येऊ लागला.

"आला, आता येणार गार," रसेल म्हणाला आणि खिडकी उघडायला उठला.

ड्युल्सीनं त्याचा दंड धरला. पण बोलली क्लॅरीशी. "क्लॅरी, त्या दिवशी आग कुठे चालली होती?"

क्लॅरीनं माझ्याकडे पाहिलं. ग्लास तोंडापर्यंत गेलेला, तो त्यानं हळूच टेबलावर ठेवला.

"दक्षिणेला," तो म्हणाला. "आपल्याला सोडून."

"आणि वारा?"

"पडला होता." त्याचा आवाज वेगळाच आला. "असाच पडला होता. रसेल, गाडी काढ."

"काका, केक तरी कापू द्या. टेगनला उगाच..."

"तुझा बाप त्या कडेला उभा होता रे. वारा पडला तेव्हा सगळ्यांनी टोप्या काढून घाम पुसला. त्यानंही. गाडी काढ म्हणतो ना."

रसेल किल्ली घेऊन गाडीकडे धावला. टेगननं विनीला उचललं, ओला टॉवेल गुंडाळला. केक तसाच राहिला. कुत्र्याला शीळ घातली तर ते टेबलाखालून यायला तयार नाही, क्लॅरीनं हॅम दाखवून नेलं.

ड्युल्सी मात्र कात्री घेऊन माझ्याकडे आली. विनीच्या पताकेचे कच्चे टाके तिनं कापले. पताका आणि पट्टीचं रीळ टेगनच्या हातात ठेवलं.

"सगळीच काढू ना, नॅन. मिनिटभर लागेल."

"गाठी माझ्या आहेत, मला माहीत आहे किती लागेल. तू इथून नवी सुरू कर. शेवट रिकामा सोड."

मग तिनं आर्चीची निळी पताका चिमटीत धरली, टोक बोटानं सरळ केलं आणि सोडून दिली. मागे न बघता गेली. दोन्ही गाड्या पूर्वेच्या रस्त्याला लागल्या. पुलापलीकडची धूळही आता बसलीय, म्हणजे ती माणसं ओढा ओलांडून गेली.

घरात कोणी नाही. केकवर काळी राख उतरतेय, बारीक बारीक. डोंगरावरची पाखरं मघाशी सगळी इकडून गेली, त्यांच्यामागून कांगारू गेले, कुंपणाची पर्वा न करता. डोंगराचा माथा तांबूस होता, तो आता पिवळा दिसतोय.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. सणाला घरी काही शिवाल तर टोकं नीट काढा. माणसांच्या कपड्यांची शिवा, विकतच्या कापडाची नको. आणि रानात धूर असताना तापलेला वारा एकदम पडला, तर खिडकीला हात लावण्याआधी वर माळेकडे बघा. ती काही बोलणार नाही, पण दाखवेल.

हललं काहीतरी. आर्चीची पताका. मग पिवळी. मग रसेलची. टोकं गेटाकडून वळताहेत. घराकडे.

खरंच, किती छान गार वारा आहे.