वाणात गेलेली चाकं

हे खोकं ज्यानं कुणी बनवलंय, तो मला एकदा भेटायला पाहिजे. सहासष्ट वर्षांच्या माणसाच्या हातात ज्वारीच्या दाण्याएवढं चाक द्यायचं आणि कागदावर बाण काढून सांगायचं, की हे इथं बसवा. बसवा म्हणे! खऱ्या विमानापेक्षा एकशे चव्वेचाळीस पटींनी लहान. पुरं झालं तर माझ्या करंगळीएवढं, आणि त्याचे तुकडे सदतीस. त्यातून जोडपंखी, म्हणजे एका पंखावर दुसरा पंख आणि मधे केसासारख्या आठ काड्या. एक काडी चिकटवावी तर दुसरी सुटते, दुसरी धरावी तर पहिली माझ्या अंगठ्याला चिकटून बसते. कोर्टात छत्तीस वर्षं काढली मी, शेवटची सात शिरस्तेदार म्हणून. भल्याभल्या वकिलांना माझ्या टेबलासमोर घाम फुटायचा. आणि इथं एक प्लॅस्टिकची काडी माझं ऐकत नाही.

"अहो, डोळे फुटतील," सरोज रोज म्हणायची. "कैकू हे सगळं?" बरकतपुऱ्यात जन्म गेलाय माझ्या बायकोचा. चिडली की तिला मराठी पुरत नाही.

कैकू, म्हणजे कशासाठी, ते तिला चांगलं माहीत होतं. उगाच मला बोलतं करायला विचारायची.

सुमित आमचा एकुलता एक. अठरा वर्षांपूर्वी तो इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होता. सकाळी कॉलेज, दुपारपासून दिलसुखनगरला कोचिंग, आणि मधे तासभर मिळाला की अभ्यास सोडून साहेब विमान जोडत बसायचे. हेच विमान, टायगर मॉथ, फक्त चांगलं दोन तळहातांएवढं. आठ महिने चाललं होतं त्याचं. पंख झाले होते, रंग झाला होता, नंबर तेवढे काढायचे राहिले होते. एका टेस्टमध्ये मार्क घसरले. माझं डोकं फिरलं. मी ते विमान उचललं आणि बाल्कनीतून खाली भिरकावलं. तिसरा मजला आमचा. पोरगं रडलं नाही, ओरडलं नाही. जिना उतरून गेलं, सगळे तुकडे वेचून आणले आणि आपल्या हातानं कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग मला म्हणालं, "बरं."

त्या दिवसापासून तो मला 'बरं' म्हणतोय. कॉम्प्युटरला प्रवेश घे, बरं. बंगळुरूची नोकरी धर, बरं. कुठल्याशा बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो, पगार उत्तम, तक्रार काही नाही. भांडला असता तर परवडलं असतं हो! येतो, पाया पडतो, जेवतो, मोबाईल बघतो, जातो. आणि आता फेब्रुवारीत बायकोला घेऊन हॅम्बुर्गला चाललाय, पाच वर्षांसाठी. त्याआधी रथसप्तमीच्या रविवारी दुपारी एकटाच येणार होता, एका रात्रीपुरता.

मला त्याला सांगायचं होतं की माझं चुकलं. पण ते तोंडातून निघत नाही. अठरा वर्षांत शंभरदा ओठांपर्यंत आलं असेल आणि तिथून 'जेवलास का?' होऊन बाहेर पडलं. म्हणून मी ठरवलं, तोंडानं जमत नाही तर हातानं सांगू. तेच विमान करून त्याच्यापुढे ठेवायचं. तो हुशार आहे, समजेल. आबिड्सला दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, "बडावाला नै है साब, येच है." असेना का! घेतलं. तीन महिने खपलो. दोनदा पंख उलटे चिकटवले, एकदा शेपटी उडून फ्रिजखाली गेली आणि ती काढताना माझी कंबर धरली. पण शनिवार सकाळपर्यंत चाकं आणि पुढचा पंखा सोडून सगळं झालं होतं.

चाकांना काळा रंग दिला, पंख्याला तपकिरी. आता हे वाळवायचं कुठं? उघड्यावर ठेवलं तर सरोजचा केरसुणी घेऊन फेरा ठरलेला. तिचं त्याच दुपारी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, आणि वाण म्हणून लुटायला तिनं स्टीलचे करंडे आणले होते. छोटे, गोल, आत दोन खण, एक हळदीला एक कुंकवाला, आणि झाकण असं घट्ट की मुंगी जायची नाही. मी त्यातला एक उचलला. विचारलं का? नाही विचारलं. माझ्या घरात डबी घ्यायला मी अर्ज करू? एका खणात दोन चाकं ठेवली, दुसऱ्यात पंखा, झाकण जरा सैल लावलं आणि करंडा टेबलावर ठेवून, बायकांची गर्दी होण्याआधी लायब्ररीत निघून गेलो.

संध्याकाळी परत येतो तर टेबलावर करंडा नाही.

"सरोज! इथली डबी कुठाय?"

"डबी कसली? करंडा होता माझा," ती आतून म्हणाली. "एकवीस मोजून आणले आणि वीसच भरले. मला वाटलं, दुकानदारानं टोपी घातली. त्रिवेणी अगदी शेवटी आली, तिला द्यायला करंडा नाही. लाजेनं मेले मी. शोधते तर तुमच्या टेबलावर!"

"आणि दिलास?"

"मग काय करू, नुसते तिळगूळ देऊन पाठवू?"

"अगं, उघडून तरी बघायचं!"

"नवा करंडा काय उघडून बघायचा? रिकामाच असतो तो. त्यात तुम्ही संसार मांडला असेल हे मला काय माहीत?"

मी तिला सांगितलं की आत सुमितच्या विमानाची चाकं आहेत. ती मटकन खुर्चीत बसली. मला वाटलं, आता फोन उचलेल. कुठलं काय!

"मी मागणार नाही," ती म्हणाली.

"का?"

"दिलेलं वाण परत मागू? सवाष्णीच्या पदरात घातलेलं? माझं नाक कापायला निघालात का?"

"करंडा राहू दे तिच्याकडे. आतलं तेवढं माग."

"आतलं काय नि बाहेरचं काय, वाण ते वाण. तुम्हीही फोन करायचा नाही, सांगून ठेवते."

फोन करायचा नाही म्हणाली, जायचं नाही असं काही म्हणाली नाही. कोर्टात एवढं तरी शिकलो. रविवारी सकाळी अंघोळ करून ऑटो केली आणि तारनाक्याला त्रिवेणीकडे गेलो.

त्रिवेणी म्हणजे सरोजची तीस वर्षांची मैत्रीण. यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले, ते फिरायला गेले होते. ही एकटीच घरात. दार उघडलं, "या भाऊजी," म्हणाली, पण नेहमीसारखं हसली नाही. चहा आला, तोही बिनबिस्किटांचा. मी म्हटलं, असेल काहीतरी, आपल्याला काय. आणि करंड्याचा विषय काढला.

तिनं कप खाली ठेवला. "मी एक शब्द बोलणार नव्हते, भाऊजी. पण तुम्हीच आलात म्हणून सांगते. त्या करंड्यात उंदराच्या लेंड्या होत्या."

"काय?"

"दोन. आणि दुसऱ्या खणात झुरळाची तंगडी. सणाचं वाण हो! मी म्हटलं, सरोजचं वय झालं, घरात लक्ष राहिलं नसेल."

"कुठं टाकलंत ते?" मी एवढ्या जोरात ओरडलो की ती दचकली.

"कुठं टाकणार? संडासात. वर दोन बादल्या पाणी ओतलं. करंडा उकळत्या पाण्यानं घासला, आता देवापुढे आहे. आणि मी कुणाला सांगितलं नाही हं. फक्त मालनबाईंना."

मालनबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांना सांगणं म्हणजे पेपरात देणं. मी कपाळावर हात मारला. चाकं गेली, पंखा गेला, आणि वर माझ्या बायकोच्या घरात उंदीर नाचतात अशी दवंडी पिटली गेली. सरोजला हे कळलं तर विमानाआधी मीच बाल्कनीतून खाली.

"वहिनी, त्या लेंड्या नव्हत्या," मी म्हटलं. "चाकं होती."

"कसली चाकं?"

"विमानाची."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "भाऊजी, बायकोची बाजू घ्यावी माणसानं, पण काहीही काय सांगता! एवढ्याश्या चाकांचं कुठं विमान असतं?"

मोबाईलवरचा फोटो दाखवला. तिनं चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, "आणि ह्या वयात हे खेळणं कशासाठी?" आता आली का पंचाईत! खरं सांगावं तर माझी अब्रू जाते, न सांगावं तर सरोजची. मनात म्हटलं, माझी गेली तरी चालेल. मग सांगितलं सगळं. टेस्टचे मार्क, बाल्कनी, पोरानं वेचून आणलेले तुकडे. आधी वकिली थाटात सुरुवात केली, पण तुकड्यांपाशी आलो आणि रुमाल काढावा लागला. बाईमाणसापुढे, परक्याच्या घरात, सकाळी दहा वाजता. इतका राग आला मला स्वतःचा.

त्रिवेणीनं चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, "हे सुमितला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगता? मी कोण?"

"विमान पुरं झालं असतं म्हणजे सांगायची गरजच नव्हती. त्याला कळलं असतं."

"वा! म्हणजे चूक तुम्ही करायची आणि ओळखायचे कष्टही त्यानंच घ्यायचे?"

असं तोंडावर बोलायचं असतं का? मी जास्तच चिडलो आणि उठलो. तिनं मात्र माझ्यासमोर मालनबाईंना फोन लावला, लेंड्या नव्हत्या म्हणून सांगितलं, आणि जाताना माझ्या हातात तिळगुळाची पुडी ठेवली. बाईमाणूस म्हणून बरी आहे, पण जीभ फार चालते.

घरी सरोजला सगळं कळलं होतं. मालनबाईंचा फोन माझ्या ऑटोपेक्षा लवकर पोचला. "लेंड्या! माझ्या वाणात लेंड्या!" हे ती दोन वाजेपर्यंत म्हणत होती, कणीक मळताना, खीर ढवळताना, आणि मधेमधे नुसतीच माझ्याकडे बघून. मग बेल वाजली.

सुमित आला. पाया पडला. जरा वाळलाय. जेवायला बसलो.

"हॅम्बुर्गला थंडी असेल," मी म्हटलं.

"हो बाबा."

"स्वेटर नेशील चांगले."

"बरं."

"खीर घे."

"बरं."

पुन्हा तेच! मला वाटलं, ताट आपटावं. रात्र जाईल, सकाळी हा बॅग उचलेल, आणि पाच वर्षं फोनवर 'बरं, बरं' ऐकत बसायचं. पाच वर्षांनी मी असेन नसेन. हात धुतले आणि बशीत ठेवलेलं ते विमान आणून त्याच्यापुढे ठेवलं. चाकं नाहीत, पंखा नाही, पोटावर आडवं पडलेलं.

त्यानं मोबाईल बाजूला ठेवला. वाकून, नाक टेकेल इतक्या जवळून पाहिलं.

"टायगर मॉथ?"

"हो."

"कुणी केलं?"

"मी. मग कोण, तुझ्या आईनं?"

"वरचा पंख तिरका बसलाय."

"बसेल नाही तर काय! तू बसवून दाखव."

"आणि चाकं?"

सरोजनं तोंड उघडलं. मला कळलं, ती आता लेंड्यांचं सांगणार. सांगितलं असतं तर तो हसला असता, तीही हसली असती, मीही चार वाक्यं रंगवून घातली असती, आणि संध्याकाळ मजेत गेली असती. मी तिला हातानं थांबवलं.

"चाकांचं राहू दे. सुमित, तुझं विमान मी फेकायला नको होतं. आठ महिने घातले होतेस तू. चुकलं माझं."

एवढंच. एवढ्यासाठी अठरा वर्षं. सरोज दारात तशीच उभी राहिली. सुमितनं बशीवरची नजर वर केली नाही. मी मनात म्हटलं, आता हा 'बरं' म्हणणार, आणि मग सगळं संपलं.

"पुन्हा म्हणा," तो म्हणाला.

"काय पुन्हा म्हणू? ऐकलं नाहीस का?"

"ऐकलं." त्याचा आवाज फाटला होता. "एकदा ऐकून नाही भागत, बाबा."

असा राग आला! ह्या वयात बापाला पाढे म्हणायला लावतो काय? पण त्याच्याकडे पाहिलं, आणि माझ्यासमोर चौतीस वर्षांचा माणूस नव्हता.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

तिसऱ्यांदा म्हणायला त्यानं सांगितलं नव्हतं. ते मी आपणहून म्हटलं.