अकरा शिवानंद

माझी बायको भुवनेश्वरी जाऊन आठ महिने झाले तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने, गंगम्माक्काने, माझं दुसरं लग्न लावायचं ठरवलं. मला न विचारता. आणि ज्या वधू-वर मंडळाची वेबसाइट मी सांभाळतो, तिथेच माझं नाव भरलं.

"भरलं, पण दिसंना की रे," तिचा फोन आला. "परत भरते."

"अक्का, नको भरू."

"तुला कोण इचारतंय?"

मी यादी उघडली. माझं नाव नव्हतं. बरं वाटलं.

मेळावा जवळ आला की साइट रखडते, म्हणून मी नुकताच दुसरा सर्व्हर जोडला होता. मूळ डेटाबेसमध्ये जे लिहिलं जाईल त्याची नक्कल तिकडे आपोआप होणार. आमच्या ओआरएमला, म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामधल्या मध्यस्थाला, सांगून ठेवलं: लिहायचं ते मूळवर, वाचायचं ते नकलेवरून.

शनिवारी मंडळाचे निंगप्पाकाका म्हणाले, "शिवानंद, सोमवारपासून एकही नवं स्थळ नाही? सोलापुरातली सगळी लग्नं उरकली काय? पाच वाजता यादी छापायला जाते."

तपासलं. सोमवारी मी मूळ सर्व्हरचा पासवर्ड बदलला होता आणि नकलेला कळवलाच नव्हता. ती बिचारी सोमवारवरच बसून होती. पासवर्ड दिला. साचलेलं सगळं भराभर उतरलं. चाळीस नवी स्थळं. त्यात अकरा शिवानंद.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "एका घरात अकरा भाऊ, आणि सगळे बिजवर?"

साडेचार वाजले होते. पुसायला बसलो. पहिल्या शिवानंदाची उंची साडेपाच फूट होती, चौथ्याची सहा. सातवा भांडी घासत होता. अकराव्यात, 'स्वभाव' या रकान्यात अक्काने लिहिलं होतं: 'रोज एक लिटर दूध घेतो, अर्धं नासतं. जेवतो का न्हाय कळत न्हाय. कुणीतरी बघा.'

तो पुन्हा वाचला. मग अकराही पुसले. नकलेवरूनही गेले का, ते दोनदा पाहिलं. अक्काला फोन लावला.

"दिसलं व्हय रे आता?"

"दिसलं. पुसलं." मग म्हणालो, "जेवायला येऊ का?"

"ये की. इचारतोस काय?"

वाटेत दूधवाल्याकडे थांबलो. उद्यापासून अर्धाच लिटर टाक म्हणालो.

"टाकतो," तो म्हणाला. "तुमी कवा सांगताय, म्हणून थांबलो हुतो."